मापाचा वेटसूट

५ जानेवारी, सोमवार

साहेबांनी विचारलं, "पाण्याखाली कोण जाईल?" आणि माझ्या तोंडून "मी" निघालं. विचार नंतर केला. हे माझ्या सवयीचं नाही, म्हणून लिहून ठेवते.

कारण आहे सोयगावकडच्या एका जुन्या धरणाचं गेट. पाणबुड्यांनी मागच्या महिन्यात कॅमेरा खाली नेऊन त्याचं चित्रण आणलं. शेंद्र्याच्या ऑफिसात बसून मी ते पाहिलं. डावीकडच्या आडव्या तुळईच्या वेल्डला लागून एक काळी रेघ दिसते. माझा सहकारी हिमांशू म्हणतो, शेवाळ आहे. पाणबुडेही तेच म्हणतात. वेल्ड तपासणं हे माझं काम आहे, आणि शेवाळाची कड इतकी सरळ मी पाहिलेली नाही. पण चित्रण गढूळ आहे, आणि "मला असं वाटतं" एवढ्यावर मी सही करत नाही. धरणाखाली नदीकाठाला दोन गावं आहेत. पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेलं, ते सोडून देऊन गेट कोरडं करता येत नाही. तेव्हा तपासणाऱ्याने स्वतः खाली जाऊन हात लावून बघायचं, असं ठरलं. हिमांशूच्या कानाचं ऑपरेशन झालंय, त्याला पाण्याचा दाब चालणार नाही. उरले मी.

मला पोहता येतं. बारा फेब्रुवारीला खाली जायचं. तोवर रविवारी इथल्या एका क्लबच्या तलावात शिकायचं.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"लई शहाणी झालीस. माणसं नायत का त्यांच्याकडं?"

"मी माणूसच आहे, आई."

"व्हय. पण त्या कामाचे कपडे तुझ्या अंगाचे मिळतात का कुठं?"

माझ्याही डोक्यात तोच प्रश्न पहिला आला होता. बुडण्याचा दुसरा.

८ जानेवारी, गुरुवार

शिकवणाऱ्या प्रणय सरांचा फोन आला. आधी समुद्रात काम करायचे, आता इथं शिकवतात. आवाज शांत आहे.

"मॅडम, वेटसूट मागवायचाय. म्हणजे तो रबराचा अंगाला बसणारा सूट. उंची आणि वजन सांगा."

ऑफिस भरलेलं होतं. हिमांशू शेजारच्या टेबलावर. मी उंची सांगितली. वजन म्हटलं, "नव्वदच्या आसपास."

माझ्या एकाही रिपोर्टमध्ये "आसपास" हा शब्द सापडणार नाही.

"बाकी मापं पोरांची मी स्वतः घेतो. तुमची तुम्ही घरीच घ्या आणि पाठवा," ते म्हणाले. मला बरं वाटलं. असा संकोच ठेवणारी माणसं कमी असतात.

संध्याकाळी आईने टेप लावला. तिची पद्धत ठरलेली आहे. टेपखाली माझं बोट होतं, ते तिने काढून टाकलं आणि टेप ओढला.

"फिटिंग नको का? सैल घेतलं की दुप्पट दिसतीस."

टेलरही असंच घेतो. मुलगा बघायला येणार म्हणून शिवलेले माझे सगळे ब्लाऊज याच मापाचे आहेत. बसायच्या आधी हूक चाचपायचा. आईने सांगितलेले आकडे मी जसेच्या तसे पाठवले.

११ जानेवारी, रविवार

झालं ते क्रमाने लिहिते.

बायकांच्या सूटमधला सगळ्यात मोठा आला होता. कपडे बदलायच्या खोलीत गीताबाई असतात, तिथली साफसफाई बघतात. त्यांनी पाठीची चेन वर ओढायला घेतली.

"ताई, श्वास सोडा. अजून सोडा. हां, आता घेऊ नका."

"कधी घेऊ?"

"घरी गेल्यावर."

आम्ही दोघी हसलो. चेन मानेपर्यंत गेली.

तलावाच्या कडेला प्रणय सरांनी शिकणाऱ्या मुलांचे पट्टे एकेक करून ओढून पाहिले. माझ्यापाशी आले आणि हात मागे घेतले. "मॅडम, तुम्हीच बघून घ्या. बसतंय ना?"

"बसतंय."

तेव्हा अजून पाण्यात पायही घातला नव्हता, आणि डोळ्यांपुढे कडेकडेने काळं यायला लागलं. मनगटावर नाडी पाहिली. बावन्न. माझी एरवी शहात्तर असते. भीतीने नाडी धावते असं वाचलंय. माझी भीती वेगळ्या जातीची असावी.

पाण्यात उतरल्यावर हवेच्या जाकिटात हवा भरली. तरंगायला ते लागतं. भरल्याबरोबर ते छातीला आवळलं. तोंडातून श्वास घ्यायची नळी मी स्वतःच उपटून टाकली. का, ते सांगता येत नाही. कठड्याला धरून राहिले. दोन मुलांनी वर काढलं.

"पहिल्या दिवशी होतं, मॅडम. मनाची भीती आहे, जाईल."

घरी आरशात पाहिलं. मानेभोवती लाल कडं, छातीखाली दोन वळ. झोपेपर्यंत गेले नाहीत. भीतीशी याचा संबंध नाही, पण नोंद असावी.

१३ जानेवारी, मंगळवार

दिवसभर रिपोर्ट लिहिले. हात व्यवस्थित चालतात. अंघोळीला तांब्या डोक्यावर ओतताना डोळे मिटले नाहीत. इतकी वर्षं मिटत होते की नाही, आठवत नाही.

आईने भाकरीला तूप लावणं बंद केलंय. विचारलं तर म्हणाली, "संपलंय." डबा मी पाहिला. अर्धा भरलेला आहे.

१८ जानेवारी, रविवार

आज मी बुडेनाच.

चरबी तरंगते, हे भौतिकशास्त्र आहे, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. ती दाबायला कमरेला शिसं बांधतात, आणि किती बांधायचं याचा अंदाज वजनावरून काढतात. प्रणय सरांनी हिशोबाने दिलं. मी वरच. अजून दिलं. तरी वरच. मुलं कठड्यावर बसून बघत होती. एक म्हणाला, "दीदी को पत्थर बांधो." बाकीचे हसले.

सर कोड्यात पडले. "नव्वदला एवढं शिसं लागायला नको."

मी तलावाच्या फरशीकडे बघत राहिले. निळी आहे, एक तुटलेली.

शेवटी खाली गेले. शिशाचा पट्टा कमरेवर ठरेना, मांडीकडे घसरायला लागला. एका हाताने तो धरून ठेवावा लागला. गुडघे टेकले. सर हाताने विचारत होते, ठीक का. मी ठीकची खूण केली. मग मानेच्या दोन्ही बाजूंना ठोके ऐकू यायला लागले, अगदी सावकाश, आणि सरांचा चेहरा लांब लांब जायला लागला. मला वाटलं, आता हे ठोके थांबतील. हे मी पाण्याखाली स्पष्ट शब्दांत मनात म्हटलं: थांबतील.

सरांनी वर आणलं तेव्हा मी रडत नव्हते. ओकले मात्र.

कपडे बदलताना गीताबाई मानेकडे बघून म्हणाल्या, "ताई, हे काय झालं?"

"रबराची ऍलर्जी असेल."

मी घाबरट आहे, या निष्कर्षापर्यंत आता आलेच आहे. असलेली गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही.

२० जानेवारी, मंगळवार

कॅन्टीनमध्ये हिमांशू समोर येऊन बसला.

"ऐकलं की तुला बुडवायला शिसं कमी पडलं. मग भीती कशाची? तू तर बुडूच शकत नाहीस यार."

"शिसं बांधून खाली गेल्यावर नळी काढली की तरंगणाराही मरतो."

तो वाईट नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "हे बघ. शेवाळ आहे म्हणून सही मी करतो. तुझ्या नावावर काही येणार नाही. साहेबही सुटतील, तूही सुटशील."

"आणि शेवाळ नसलं तर?"

"पाणबुडे म्हणतायत ना."

मला हो म्हणावंसं वाटलं. किती, ते लिहिते: चमचा हातात तसाच राहिला आणि मी तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, विचार करते.

दुपारी चित्रण पुन्हा पाहिलं. कॅमेरा हलतो, गाळ उठतो, रेघ दिसते, जाते. मी घाबरट आहे हे सिद्ध झालं तरी ती रेघ तिथंच आहे.

२४ जानेवारी, शनिवार

प्रणय सर म्हणाले, सूट घरी न्या, अंगावर घालून सवय करा, मन शांत होईल. उद्या तलावाला सुट्टी आहे.

सवय करणं मला पटत नाही. चाचणी पटते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भीती पाण्याची असेल, तर पाणी काढून टाकल्यावर ती येता कामा नये.

२५ जानेवारी, रविवार

ती आली.

दुपारी खोलीला आतून कडी लावली, सूट चढवला. चेनला दोरी बांधून पाठीवरून ओढली. पलंगावर बसले. खिडकीतून ऊन, खाली भंगारवाल्याचा आवाज. पाणी कुठेही नाही. नाडी चौऱ्याहत्तर. थोड्या वेळाने अठ्ठावन्न. मग मानेतले ते सावकाश ठोके, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडा काळ्या व्हायला लागल्या.

आता काढायचं, असं ठरवून दोरी खाली ओढली. चेन हलली नाही. पुन्हा ओढली, दोरी तुटून हातात आली. हात पाठीमागे पोचत नव्हता. खांद्याशी रबर ताणलं होतं. मी उठले आणि पडले. आईला हाक मारली, पण हाकेला हवा पुरेना. कडीपर्यंत रांगत गेले. कडी काढता येईल की नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं.

दार उघडलं. आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्याशी दोन बोटं घालायला गेली, बोटं जाईनात. ती आत गेली, कपडे कापायची कात्री घेऊन आली, एक पातं मानेला घासत आत सरकवलं आणि सूटचा गळा कापला. मग छातीपर्यंत कापत आली. सूटचं रबर जाड असतं. कात्री सरळ चालली.

हवा आली. कॅलेंडर परत दिसलं. मी नाडी धरली: एकशे दहा, आणि धावत होती. म्हणजे माझी भीतीही इतरांसारखीच आहे. आधीची ती भीती नव्हतीच. मानेच्या शिरा दाबल्या की नाडी मंदावते आणि चक्कर येते, हे मला माहीत असायला हवं होतं. गळ्यावरचं कडं मी दोनदा पाहिलं होतं. दोन भागांमध्ये फट किती हवी, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो.

आई माझ्यासमोर जमिनीवर बसली. कात्री मांडीत.

"बोलली का नाहीस?"

"काय?"

"लागतंय म्हणून."

"कपडे लागतातच की, आई."

ती स्वतःच्या ब्लाऊजच्या बाहीत अंगठा घालून बसली होती, दंडाला बाही रुतते तिथं. मग म्हणाली, "व्हय." आणि चहा ठेवायला उठली.

२६ जानेवारी, सोमवार

कंपनीत झेंडावंदन झाल्यावर प्रणय सरांना फोन केला. सूट लहान होता, कापावा लागला, हे सांगितलं. चक्कर कशामुळे आली तेही.

"मी विचारलं होतं मॅडम, बसतंय का."

"माझे सगळेच कपडे असे बसतात. मला वाटलं, यालाच बसणं म्हणतात."

ते म्हणाले, "पट्टा मी ओढून बघायला पाहिजे होता. गळ्यात बोट घालून बघायला पाहिजे होतं. पोरांचं बघतो."

"माझं का नाही बघितलं?"

"तुम्ही लेडीज. उगाच हात लावलेला तुम्हाला आवडला नसता."

"आवडला नसता."

मग त्यांनी पुण्यातल्या एका दुकानाचा पत्ता दिला.

३१ जानेवारी, शनिवार, पुणे

आई हट्टाने आली. बसमध्ये म्हणाली, "मापं मी घेतली होती, चुकली ती माझ्याच्यानं." मी म्हटलं, आकडे मी पाठवले. तिथं विषय संपला.

दुकानातली मुलगी, मोनिका, स्वतःही पाण्याखाली उतरणारी. तिने आधी एक मोठा सूट दाखवला. हा घ्या, थोडा घट्ट आहे, वापरून सैल होईल. आई म्हणाली, "नाय होत. दुसरा दाखव."

मग दोन तुकड्यांचा पाहिला: खालचा भाग वेगळा, वरचं जाकीट वेगळं, म्हणजे नितंबाचं माप छातीला भोगावं लागत नाही. खालचा बायकांचा, वरचा पुरुषांचा. बाह्या लांब, पण दुमडता येतात. आई प्रत्येक वेळी गळ्यात दोन बोटं घालून बघत होती. तिसऱ्या जाकिटात बोटं गेली.

हवेचं जाकीट मी पाठीला हवा भरणारं घेतलं. आधीच्यात ती चारी बाजूंनी भरायची आणि छाती आवळायची. याचा कमरपट्टा लांब आहे आणि शिसं बाजूच्या खिशांत बसतं, कमरेवरून घसरण्याचा प्रश्न नाही. बूट पोटरीला चेन असलेले. सगळं अंगावर चढवून, हवा पूर्ण भरून, मी दुकानात पूर्ण श्वास घेतला. खोकले. खाली बसले. हात वर केले. मोनिकाने चहा मागवला, तो तसाच बसून प्यायले. एक गिऱ्हाईक बघत होतं. बघू दे.

आरशात मी दुप्पट दिसत होते. आईने पाहिलं आणि गळ्यात पुन्हा दोन बोटं घालून बघितली.

परतीच्या बसमध्ये नवीन भीती सुरू झाली. आतापर्यंत सूटवर ढकलता येत होतं. आता सूट बसतोय. आता खाली गेल्यावर जे होईल, ते माझंच असेल.

८ फेब्रुवारी, रविवार

तलाव. मुलं होती, गीताबाई दारात होत्या. प्रणय सर शिसं काढत म्हणाले, "नव्वद धरू ना मॅडम?"

"एकशे आठ," मी म्हटलं.

आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. कोणी हसलं नाही. सरांनी फक्त मान हलवली आणि खिशांत अजून दोन तुकडे टाकले. मग ते नेहमीप्रमाणे मागे सरकले.

"सर, माझे पट्टे ओढून बघा."

त्यांनी गीताबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खांद्याचा ओढला, छातीचा ओढला, कमरेचा ओढला, गळ्यात एक बोट घालून पाहिलं. चेहरा तापल्यासारखा वाटला, त्यांचाही लाल झाला असावा. एवढंच. तपासणीला लागतो तेवढाच वेळ लागला.

पहिल्या खेपेला सहज खाली गेले. गुडघे टेकले. नाडी धावत होती. श्वास आत येत होता, बाहेर जात होता, बुडबुडे वर. घाबरले होते, आणि तरी सांगितलेलं सगळं करता आलं. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हिमांशूने विचारलं, "मग? करू सही?"

"गुरुवारनंतर सांगते."

रात्री जेवण गेलं नाही. तलावाचा तळ दिसतो, धरणाचा दिसत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

धरण. सकाळी वारा नव्हता. पाणी वरून शांत हिरवं. भिंतीशी बांधलेल्या तराफ्यावर प्रणय सर आणि कॅमेरावाले दोन पाणबुडे. सरांनी माझे पट्टे ओढले, मी त्यांचे.

दोर धरून खाली. दोन हातांवर हिरवं संपलं. मग तपकिरी, मग माझ्या दिव्याचा एक फिकट गोळा आणि त्यात तरंगणारा गाळ. स्वतःचे पाय दिसत नव्हते. नळी उपटावी असं एकदा वाटलं. हात निघालाही होता. तो दोरावर परत ठेवला. सर शेजारी होते, पण दिसत नव्हते, फक्त त्यांचे बुडबुडे ऐकू येत होते. गेट हाताला लागलं तेव्हा ते थंड होतं आणि थरथरत होतं. ती थरथर हातमोज्यातून कोपरापर्यंत आली. मागे इतकं पाणी असल्यावर लोखंड असं वागतं, हे मी वाचलेलं होतं. हात लावला नव्हता.

तुळई सापडली. वेल्ड सापडला. शेवाळ हाताने पुसलं, मग ब्रशने. शेवाळ गेलं. रेघ राहिली.

मोजपट्टीची कड तिच्यावरून फिरवली, अडकली. बारीक तपासणी केली. चित्रणात दिसते त्याच्या पुढेही ती जाते, आधाराच्या पट्टीखाली शिरते, तिथून पुढे कुठवर, ते हाताला लागत नाही. त्या टोकाशी माझी बोटं हलकेच आत ओढली जात होती. पाणी जात होतं तिथून.

तेव्हा मी घाबरले. या महिन्यात जितक्या वेळा घाबरले त्या सगळ्यांहून जास्त. दाब गळ्यावर नव्हता, छातीवर नव्हता. नाडी मोजली नाही. मोजपट्टी धरून ठेवली आणि दिव्याने कॅमेऱ्याला खूण केली: इथं, इथून इथवर.

वर आल्यावर साहेबांना धरणावरूनच फोन लावला. पाण्याची पातळी आजपासून उतरवायला सांगा आणि खालच्या गावांना कळवा, असं म्हटलं. "नक्की ना?" त्यांनी विचारलं.

"नक्की. आसपास नाही. सही माझी राहील."

साडेचार वाजता पाणी सोडायला सुरुवात झाल्याचा निरोप आला. सगळं उतरायला आठवडा लागेल. आठवडाभर मी त्या रेघेचा विचार करणार आहे.

हिमांशूचा फोन आला. "शेवाळ?"

"नाही."

तो म्हणाला, "बरं झालं मी सही नाही केली." मी म्हटलं, हो.

घरी आले तर आई शिलाई मशीनपाशी बसलेली. मांडीवर माझा बघण्याच्या कार्यक्रमाचा जांभळा ब्लाऊज, बाजूला तिचे स्वतःचे चार-पाच. ब्लेडने बगलेखालच्या शिवणी उसवत होती.

"भ्यालीस का खाली?"

"हो."

"लई?"

"लई."

तिने मान हलवली आणि एक टाका कापला. "आत कपडा हाय की जादा, दोन्ही अंगाला. इतकी वर्षं उसवला नाय." मग ब्लाऊज माझ्याकडे केला. "घालून बघ. हात वर करून बघ."